'इम्पॅक्ट'ची घडण आणि देवनागरीतला जाड-अरुंद मथळा

अक्षरगाडा

जाड, अरुंद आणि टोकांना फुलोरा नसलेली रोमन अक्षरे म्हटली की बहुतेकांना 'इम्पॅक्ट' आठवतो, कारण विंडोजच्या संगणकांवर तो वर्षानुवर्षे आयता मिळत आला आहे. आंतरजालावरच्या विनोदी चित्रांवर पांढऱ्या अक्षरांत आणि काळ्या किनारीत तो इतका वापरला गेला, की मुळात ही गंभीरपणे विचार करून घडवलेली अक्षरमाला आहे हेच विस्मरणात गेले. या धाग्यात तिच्या घडणीविषयी लिहावे, आणि देवनागरीत तिच्या तोडीचा मथळ्याचा फॉन्ट कसा असावा यावर जाणकारांची मते घ्यावीत, असा हेतू आहे.

जेफ्री ली हे इंग्लंडमधील जाहिरात क्षेत्रातले आरेखक. त्यांनी रेखलेला इम्पॅक्ट शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या फाउंड्रीने, म्हणजे छपाईची अक्षरे ओतणाऱ्या कारखान्याने, १९६५ साली धातूच्या खिळ्यांत बाजारात आणला. दिलेल्या आकारात कागदावर जास्तीत जास्त शाई उतरली पाहिजे आणि लहान लिपीतल्या अक्षरांची मधली उंची, म्हणजे एक्स-हाइट, जास्तीत जास्त असली पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती. ती पुरी करण्यासाठी त्यांनी जागा कुठून आणली, हे एखादा शब्द मोठा करून पाहिल्यावर कळते. बी, डी, एच या अक्षरांच्या वर जाणाऱ्या काठ्या जेमतेम डोके काढतात आणि पी, जी, वाय यांच्या खाली लोंबणाऱ्या शेपट्या आखूड केलेल्या आहेत. वर-खाली वाचलेली ही सगळी उंची मधल्या भागाला दिलेली आहे. ओ, सी, ई यांसारख्या गोल अक्षरांच्या बाजू गोल ठेवलेल्याच नाहीत. त्या सरळ उभ्या आहेत आणि वळण फक्त कोपऱ्यांत उरले आहे. अक्षराच्या पोटातली जागा म्हणजे एक उभी फट असते, आणि दोन अक्षरांमधले अंतरही जवळपास त्याच फटीच्या मापाचे असल्यामुळे पूर्ण ओळ काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांसारखी एकसंध दिसते.

आणखी एक गोष्ट सहज नजरेत भरत नाही. सगळ्या रेघा सारख्याच जाड आहेत असे वाटते, परंतु आडव्या रेघा उभ्यांपेक्षा बऱ्याच बारीक आहेत. लहान लिपीतल्या ए आणि ई या अक्षरांत उंचीच्या एकाच टप्प्यात तीन आडव्या रेघा बसवाव्या लागतात. त्या उभ्या रेघांइतक्याच जाड ठेवल्या असत्या तर पोट पूर्ण बुजले असते.

हे एकट्या ली यांच्या डोक्यातून निघाले असे मात्र नाही. वॉल्टर हेटेनश्वायलर या स्विस आरेखकाचा 'श्माल्फेटे ग्रोटेस्क' १९५४ साली प्रसिद्ध झाला होता आणि जर्मनीतल्या 'ट्वेन' या मासिकाने तो आपल्या मथळ्यांसाठी उचलला होता. लेट्रासेटच्या घासून उमटवायच्या अक्षरांसाठी फ्रेड लॅम्बर्ट यांनी केलेला 'कॉम्पॅक्टा' १९६३ सालचा. म्हणजे दाट, उंच, काळ्या मथळ्याची त्या काळात मागणीच होती. इम्पॅक्टचे वेगळेपण मला असे वाटते, की तो धातूच्या खिळ्यांचा काळ सरत असताना धातूतच आला. खिळ्यांत प्रत्येक अक्षर स्वतःच्या धातूच्या ठोकळ्यावर उभे असते, त्यामुळे कानस न चालवता दोन अक्षरे ठोकळ्याच्या कडेपेक्षा जवळ आणता येत नाहीत. जो दाटपणा हवा तो ओतकामातच असावा लागतो.

आता मूळ प्रश्न. लॅटिनमध्ये वरखालची जागा कापून मधल्या भागाला देता येते. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार, ऋकार आणि पाय मोडलेली जोडाक्षरे उभी आहेत. त्यांच्यातले काय कापणार? माझे मत असे, की इम्पॅक्टची देवनागरी नक्कल करण्याचा प्रयत्नच सोडून द्यावा आणि आपल्या लिपीचा उंचीचा हिशेब वेगळा मांडावा.

शाईवाला

लेख आवडला. थोडा मागचा इतिहास जोडतो, कारण अरुंद अक्षरांची गरज १९५० नंतरची नाही.

टोकांना फुलोरा नसलेले पहिले छापील रोमन अक्षर चौथ्या विल्यम कॅस्लनच्या नमुन्यात १८१६ साली दिसते. जाहिरातीच्या भिंतीपत्रकांना मात्र धातूचे मोठे खिळे परवडत नव्हते. ते जड आणि महाग असत, आणि फार मोठे ओतले तर थंड होताना त्यांचा पृष्ठभाग सपाट राहत नसे. अमेरिकेत डॅरियस वेल्स यांनी १८२७ च्या सुमारास लाकडी अक्षरे यंत्राने कोरायला सुरुवात केली आणि पुढे विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावी १८८० साली सुरू झालेल्या हॅमिल्टनच्या कारखान्याने हा धंदा मोठा केला. लाकडी अक्षरांत एकाच उंचीचे अरुंद, मध्यम आणि रुंद असे संच मिळत. कारण अगदी व्यवहारातले होते: पत्रकाची रुंदी ठरलेली, नटीचे नाव लांब आणि गावाचे नाव आखूड, आणि प्रत्येक ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेली हवी. लांब शब्दाला अरुंद अक्षर, आखूड शब्दाला रुंद.

मॉरिस फुलर बेंटन यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी १९०३ साली केलेला 'ऑल्टरनेट गॉथिक' याच गरजेतून तीन रुंदींत निघाला. त्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या रुंदीवरून २००९ साली 'लीग गॉथिक' हा मुक्त परवान्याचा फॉन्ट तयार झाला. विंडोजवरच्या इम्पॅक्टला एकच जाडी आणि एकच रुंदी, म्हणून मला तो या परंपरेतला थोडा हट्टी मुलगा वाटतो.

मुग्धा_टंकक

अक्षरगाडा यांच्या शेवटच्या मुद्द्याला माझ्या रोजच्या कामातला दाखला जोडते. मी मजकूर जुळवणी आणि मांडणीचे काम करते. गिऱ्हाईक इंग्रजी मथळा इम्पॅक्टमध्ये पाहून येते आणि "मराठीसुद्धा असेच करा" म्हणते. इम्पॅक्टमध्ये लॅटिन, ग्रीक आणि सिरिलिक आहे, देवनागरी नाही. मराठी शब्द निवडून फॉन्टच्या यादीत इम्पॅक्टवर टिचकी मारली तरी विंडोज मुकाट्याने निर्मला यूआय किंवा मंगल दाखवते. दोन्ही मजकुरासाठी केलेले फॉन्ट, मथळ्यासाठी नव्हेत. इंग्रजी ओळ दरडावत असते आणि शेजारची मराठी ओळ अर्ज केल्यासारखी दिसते.

मग पुढची पायरी हमखास ठरलेली असते: कुठला तरी जाड फॉन्ट घ्यायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याची आडवी रुंदी सत्तर टक्के करायची. यात काय बिघडते ते आकड्यांत सांगते. समजा, मूळ फॉन्टमध्ये उभ्या दंडाची जाडी १०० एकक आहे आणि शिरोरेषेची ८०. आडवे दाबल्यावर दंडाची जाडी ७० होते, पण शिरोरेषा आडवी असल्यामुळे तिची जाडी ८०च राहते. म्हणजे जी रेघ बारीक असायला हवी ती जाड झाली आणि जिच्यावर अक्षराचा भार आहे ती बारीक झाली. ओळीकडे दुरून पाहिले तर वर एक काळा पट्टा आणि त्याला लटकलेली किरकोळ अक्षरे दिसतात. लॅटिनमध्येही हाच दोष येतो, परंतु तिथे शब्दभर पसरलेली आडवी रेघ नसल्याने तो इतका उघडा पडत नाही. तिरप्या रेघांचे हाल वेगळे. र, ए, स यांचे तिरके फटकारे अचानक खडे होतात आणि वळणांची जाडी मध्येच बदलते.

खरा अरुंद फॉन्ट म्हणजे दाबलेला फॉन्ट नव्हे, हे गिऱ्हाइकाला समजावताना मी दोन्ही छापून शेजारी ठेवते. तोंडी समजावून कोणालाच पटत नाही.

अक्षरगाडा

मुग्धाताई, शिरोरेषेचा हिशेब नेमका मांडलात. आता अक्षरांच्या पोटाकडे येतो, कारण जाडी आणि अरुंदपणा एकत्र आले की आपल्या लिपीत पहिला बळी तिथे पडतो.

व आणि ब घ्या. या दोघांत फरक एका तिरप्या रेघेचा, आणि ती रेघ आहे पोटाच्या आत. जाड-अरुंद फॉन्टमध्ये व चे पोट आधीच फटीएवढे उरलेले असते. त्यात ब ची रेघ बसवली की फटीचे दोन ठिपके होतात, आणि छपाईत शाई किंचित पसरली तरी ते बुजतात. मग 'बस' आणि 'वस' यांत फरक राहत नाही. प आणि ष यांचे तसेच. घ आणि ध यांत वरच्या गाठीचा प्रश्न, भ आणि म यांतही तोच. कुशल आरेखक इथे तीन गोष्टी करतो: आतली रेघ दंडाच्या निम्म्याहून बारीक करतो, तेवढ्याच अक्षराला बाकीच्यांपेक्षा थोडी जास्त रुंदी देतो, किंवा आतल्या रेघेचे एक टोक भिंतीला न लावता सुटे ठेवतो. यांपैकी तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो. सुटे टोक लहान आकारातही पांढरे राहते आणि डोळा तेवढ्या खुणेवर ब ओळखतो.

उभ्या मांडणीच्या जोडाक्षरांचे दुखणे याहून मोठे आहे. 'राष्ट्र' या शब्दातल्या ष्ट्र मध्ये ष, त्याखाली ट, त्याखाली रकार अशी तीन मजली इमारत उभी राहते. जाड रेघांत ती मावण्यासाठी सबंध फॉन्टची मधली उंची कमी करावी लागते, किंवा ष आडवा अर्धा लिहून ट्र शेजारी मांडावा लागतो. मथळ्याच्या फॉन्टमध्ये दुसरा मार्ग घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. उंची वाचवण्यासाठी रुंदी खर्च करणे हे 'अरुंद' या नावाला विसंगत दिसेल, पण एका अक्षरासाठी हजार अक्षरे बुटकी करण्यापेक्षा ते बरे.

पाटीवाले_काका

मी पाट्या रंगवण्याचे काम केलेला माणूस आहे, त्यामुळे थोडा वेगळा सूर लावतो. वरची सगळी चर्चा फॉन्टच्या अंगाने चालली आहे आणि तिच्यावरून असे वाटते, की जाड-अरुंद देवनागरी ही नवी अडचण आहे. एस.टी.च्या पाटीवर एकाच फळीवर 'मुंबई' आणि 'छत्रपती संभाजीनगर' लिहायचे असेल तर रंगारी काय करतो? फळी बदलत नाही आणि अक्षराची उंचीही बदलत नाही. तो अक्षरे आवळतो. आवळताना दंडाची जाडी ब्रशच्या रुंदीने ठरलेली असते, म्हणून मुग्धाताईंनी सांगितलेला दोष हाताच्या लिहिण्यात येतच नाही. शिरोरेषा शेवटी एका फटक्यात ओढतात आणि ती दंडापेक्षा बारीक ठेवायची हे हाताला माहीत असते.

मात्रांचेही तसेच. वेलांटीची कमान किती चपटी करायची हे त्या शब्दात वर जागा किती आहे त्यावरून ठरते. 'किरकिरे' आडनाव लिहिताना दोन वेलांट्या आणि एक मात्रा एकमेकांना खेटणार, हे आधी दिसते आणि त्याप्रमाणे पहिली कमान आखूड केली जाते. फॉन्टमध्ये वेलांटी एकदा घडली की घडली.

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींसाठी काढलेली शीर्षके पाहावीत. तेवढ्याशा चौकटीत ती आजूबाजूच्या गर्दीतून उठून दिसत, कारण प्रत्येक शीर्षक त्या शब्दांपुरते घडवलेले असे. मथळा मोजक्या शब्दांचा असेल तर फॉन्ट शोधत बसण्याऐवजी अक्षरे काढून घ्यावीत, असे मी आजही म्हणेन.

शाईवाला

काका, तत्त्वतः मान्य. परंतु बातम्यांच्या वाहिनीला दर दोन मिनिटांनी पडद्याखालची पट्टी बदलायची असते, तिथे रंगारी कुठून आणणार? ज्या कामात शब्द आधी ठाऊक नसतो तिथे फॉन्टच लागतो, आणि तो वाईटातल्या वाईट शब्दालाही पुरला पाहिजे.

शिवाय आपण म्हणता ती लवचीकता फॉन्टमध्ये अगदीच नाही असे नाही. ऱ्हस्व वेलांटीच्या निरनिराळ्या लांबीच्या आवृत्त्या फॉन्टमध्येच ठेवता येतात आणि पुढचे अक्षर अरुंद आहे की रुंद, हे पाहून योग्य ती आपोआप बसते. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये 'कि' आणि 'स्थि' यांच्या वेलांट्या वेगळ्या असतात. कमान दंडावर नेमकी टेकते. स्वस्तातल्या फॉन्टमध्ये ती मध्येच हवेत संपते. फॉन्ट पारखायचा असेल तर मी आधी एवढेच टंकून पाहतो.

नवखा_नितीन

मला एक बाळबोध शंका आहे. विनोदी चित्रांसाठी मी मराठी मजकूर जाड फॉन्टमध्ये पांढरा करून त्याला काळी किनार देतो. इंग्रजीत ती छान दिसते, मराठीत मात्र शिरोरेषेवर प्रत्येक अक्षराच्या सांध्यात बारीक काळी उभी रेघ येते. फॉन्ट सदोष आहे का?

मुग्धा_टंकक

नितीन, फॉन्ट सदोष नाही. शिरोरेषा सलग दिसावी म्हणून प्रत्येक अक्षराची शिरोरेषा कडेला थोडी जास्त काढलेली असते आणि ती शेजारच्या अक्षरावर चढते. नुसता रंग भरला की हा चढ दिसत नाही. किनार मात्र प्रत्येक अक्षराभोवती स्वतंत्र काढली जाते, म्हणून एका अक्षराची कड दुसऱ्याच्या अंगावर उमटते. लॅटिन अक्षरे सुटी असतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. इम्पॅक्टची ती प्रसिद्ध पाककृती आपल्याकडे जशीच्या तशी शिजत नाही ती यामुळे.

उपाय सोपा आहे. मजकुराच्या दोन प्रती एकावर एक ठेवा. खालच्या प्रतीला हवी त्याच्या दुप्पट जाडीची काळी किनार द्या, वरची प्रत नुसती पांढरी, किनारीविना. सांध्यातल्या रेघा वरच्या पांढऱ्याखाली झाकल्या जातात. किनारीचा आतला अर्धा भागही झाकला गेल्यामुळे ब आणि ष यांच्या पोटातल्या बारीक रेघा काळ्यात बुडत नाहीत, हा दुसरा फायदा.

गौरी_नाट्यवेडी

चर्चा वाचून थेट मदतच मागते. आमच्या मंडळाला 'राज्यस्तरीय एकांकिका स्पर्धा' या मथळ्याचे उभे भिंतीपत्रक करायचे आहे, तीन शब्द तीन ओळींत. काकांचा सल्ला पटतो, परंतु पैसे नाहीत. मुक्त परवान्यातला कोणता फॉन्ट घ्यावा? इंग्रजी संकेतस्थळाचा पत्ताही त्याच धाटणीत हवा.

अक्षरगाडा

गौरीताई, तीन नावे सुचवतो. तिन्ही गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि तिन्हींत देवनागरीसोबत जुळणारे लॅटिन आहे, त्यामुळे पत्त्यासाठी दुसरा फॉन्ट शोधावा लागणार नाही.

इंडियन टाइप फाउंड्रीचे 'खंड' आणि 'टेको' २०१४ सालचे. टेको चौकोनी वळणाचा आहे, बाजू सरळ आणि कोपरे आखडलेले. खेळाच्या स्पर्धेला तो शोभला असता, नाटकाला मला थोडा यांत्रिक वाटतो. खंडची पोटे मोकळी आहेत आणि दुरून वाचायला तो सोपा जातो, मात्र इम्पॅक्टइतका काळेपणा त्यात नाही. तिसरा, आणि माझी पसंती असलेला, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा २०२२ सालचा 'अनेक'. त्यात जाडी १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ अशी दोन्ही मापे सरकपट्टीसारखी बदलता येतात, आणि रुंदी कमी करताना दंड नुसते दाबले जात नाहीत, तर प्रत्येक टप्प्याला साजेशी जाडी मिळते.

शाईवाल्यांनी सांगितलेली लाकडी अक्षरांची युक्ती इथे कामी येईल. 'राज्यस्तरीय' सर्वांत अरुंद घ्या, 'एकांकिका' मध्यम आणि 'स्पर्धा' सर्वांत रुंद. 'स्पर्धा' तरीही कडेपर्यंत पोचणार नाही; ती ओळ तेवढी आकाराने वाढवा.

ओळींमधल्या अंतराबाबत आपले नशीब चांगले आहे. तिन्ही शब्दांत खाली उतरणारे एकही चिन्ह नाही, ना उकार ना ऋकार. त्यामुळे वरच्या ओळीचा तळ आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या व रफार यांच्यात फटीएवढेच अंतर ठेवून ओळी घट्ट बसवता येतील. सॉफ्टवेअर आपणहून बरेच जास्त अंतर देईल, कारण त्याला येणाऱ्या उकारांसाठी जागा राखायची असते. ते हाताने कमी करा. खाली वाराची ओळ येईल तेव्हा मात्र सांभाळा. 'शुक्रवार' असेल तर श चा उकार पुढच्या ओळीवर आदळेल.

पाटीवाले_काका

'स्पर्धा'चा रफार ध च्या दंडावर नाही, काना आहे म्हणून कान्यावर बसला पाहिजे. आवळलेल्या ओळीत वरच्या शब्दाच्या दंडाला तो टेकत असेल तर शब्द किंचित डावी-उजवीकडे सरकवून बघा, ओळींत अंतर वाढवू नका.

मुग्धा_टंकक

आणि छापखान्यात फाइल देण्यापूर्वी मथळ्याची अक्षरे वक्ररेषांत बदलून घ्या, म्हणजे ती टंकलेला मजकूर न राहता आकृत्या होतील. काही ठिकाणी अजून युनिकोडपूर्व काळातली सॉफ्टवेअरे चालू आहेत. त्यांत फाइल उघडली की स्प सुटा होतो आणि रफार भलतीकडेच जाऊन बसतो. वक्ररेषा केलेल्या प्रतीशिवाय एक संपादनयोग्य प्रत आपल्याकडे जपून ठेवा, कारण मंडळात तारीख शेवटच्या क्षणी बदलतेच.